गाडी मित्राची, विमा कुणाचा?

गाडी चालवली माझ्या रूममेटनं, चावी दिली मी आणि पोलिसांची नोटीस गेली कराडला, माझ्या बाबांच्या नावानं.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. गणपती जाऊन पाच दिवस झाले होते, पाऊस मात्र गेला नव्हता. रूममेटचा धाकटा भाऊ परीक्षेसाठी पहाटेच्या एसटीनं स्वारगेटला उतरणार होता. साडेसहाला तिनं मला हलवलं, "गाडी नेऊ का गं?" मी डोळेही न उघडता "हूं" म्हटलं आणि उशीजवळची चावी तिच्या हातात दिली. पाऊण तासानं तिचा रडत फोन आला. म्हात्रे पुलाच्या अलीकडे ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना गाडी घसरली आणि पुढे चाललेल्या सायकलला धडकली. सायकलवर एक काका होते, रात्रपाळी संपवून घरी निघालेले सिक्युरिटी गार्ड. तिला नुसतं खरचटलं. काकांच्या मांडीचं हाड मोडलं.

दवाखान्यातून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. मला वाटलं होतं, पहिला प्रश्न "गाडी कोण चालवत होतं?" हा असेल. हवालदारांनी विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर?"

गाडी बाबांच्या नावावर. एमएच ५० पासिंग. २०१९ च्या दसऱ्याला घरासाठी घेतलेली स्कूटर, मी पुण्याला शिकायला आले तेव्हा माझ्याबरोबर आली. लायसन्स, आरसी, पीयूसी सगळं मोबाइलमध्ये होतं. इन्शुरन्स? बाबांनी कपाटातली फाइल उपसली आणि पॉलिसीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मुदत संपण्याची तारीख होती ३ ऑक्टोबर २०२४. म्हणजे अकरा दिवस उरले होते आणि हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

त्या अकरा दिवसांनी मला इन्शुरन्सचे कागद वाचायला लावले. त्यातून जे कळलं, ते आपल्या वयाच्या प्रत्येकाला माहीत हवं असं वाटतं. कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या बुडाखाली जी गाडी असते ती बाबांची, दादाची, मित्राची, भाड्याची नाहीतर कुणाकडून तरी जुनी घेतलेली असते. आपल्या स्वतःच्या नावावरची गाडी चालवणारे थोडे. आणि विमा बघतो ते नाव.

आधी 'पार्टी' समजून घेऊ

"थर्ड पार्टी आहे ना? मग झालं" हे आपण सगळेच म्हणतो. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा पक्ष. मग पहिला आणि दुसरा कोण? पहिला पक्ष म्हणजे पॉलिसी ज्याच्या नावावर आहे तो मालक. दुसरा पक्ष विमा कंपनी. या दोघांच्या करारात नसलेला, पण आपल्या गाडीमुळे ज्याला इजा झाली किंवा ज्याचं नुकसान झालं तो तिसरा. आमच्या बाबतीत सायकलवाले काका.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे तो या तिसऱ्यासाठीचाच विमा. रस्त्यावर चालणाऱ्या अनोळखी माणसाला आपल्यामुळे इजा झाली, तर आपला खिसा रिकामा आहे म्हणून त्याच्यावर उपाशी राहायची वेळ येऊ नये, हा त्यामागचा हेतू. मृत्यू किंवा दुखापत झाली तर या विम्यात भरपाईच्या रकमेला वरची मर्यादा नाही, ती न्यायाधिकरण ठरवतं. समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मर्यादा आहे, दुचाकीसाठी एक लाखाची आणि कारसाठी साडेसात लाखांची. तुमच्या स्वतःच्या गाडीचा फुटलेला आरसा, वाकलेलं मडगार्ड किंवा चोरीला गेलेली गाडी यातलं काहीही थर्ड पार्टीत येत नाही. त्यासाठी 'ओन डॅमेज' नावाचा वेगळा भाग घ्यावा लागतो. दोन्ही एकत्र घेतले की त्याला आपण बोलताना 'फुल इन्शुरन्स' किंवा 'फर्स्ट पार्टी' म्हणतो.

थर्ड पार्टीचा दर कुठल्याही कंपनीकडे सारखाच असतो, कारण तो सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि १००० सीसीपर्यंतच्या कारला २,०९४ रुपये. कर वेगळा. चालवणारा वीस वर्षांचा आहे की साठ, याचा या दराशी काही संबंध नाही.

सगळीकडे असं नसतं. माझा मावसभाऊ ब्रिटनमध्ये शिकायला गेला. तिथे गाडी कोण कोण चालवणार त्यांची नावं साधारणपणे पॉलिसीतच लिहावी लागतात आणि विशीतल्या पोरांना प्रीमियम चांगलाच जास्त पडतो. नाव नसेल तर मित्राच्या गाडीला हात लावताना दहादा विचार करावा लागतो. आपल्याकडे पॉलिसी गाडीवर असते. मालकाच्या परवानगीनं, वैध लायसन्स असलेल्या कुणीही ती चालवली तरी विमा लागू राहतो. माझी रूममेट पॉलिसीत कुठेच नव्हती, पण तिच्याकडे पक्कं लायसन्स होतं आणि चावी मी दिली होती. म्हणून काकांचा हक्क शाबूत राहिला.

पाच वर्षांचा पडलेला विसर

मग आम्ही इन्शुरन्स विसरलो कसा? तर आम्हाला तो कधी आठवावाच लागला नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि नवी कार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. लोक दरवर्षी नूतनीकरण करत नाहीत, म्हणून हा नियम आला. शोरूममधून गाडी निघते तेव्हा बहुतेकदा एक वर्षाचं ओन डॅमेज आणि पाच वर्षांचं थर्ड पार्टी असं जोडून दिलं जातं. म्हणजे एका वर्षानंतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण संपतं आणि पाच वर्षांनंतर सगळंच.

आता हिशेब करा. दहावीनंतर किंवा अकरावीत असताना घरात आलेली गाडी, तुम्ही कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असता तेव्हा पाच वर्षांची होते. ती आता तुमच्याकडे पुण्यात, नाशकात किंवा संभाजीनगरात असते आणि पॉलिसी गावाकडच्या कपाटात. कंपनीचा एसएमएस येतो तो बाबांच्या जुन्या नंबरवर. आमच्याकडे हेच झालं होतं.

विमा नसताना पकडलं गेलं तर पहिल्या वेळी दोन हजार आणि पुन्हा सापडलात तर चार हजार रुपये दंड आहे, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. आपण या दंडालाच घाबरतो. खरी भीती वेगळी आहे. विमा नसलेल्या गाडीनं कुणाला इजा झाली, तर न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती चालवणाऱ्याला आणि मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. माझे बाबा एसटीत कंडक्टर आहेत. काकांचं ऑपरेशन, कामावर न जाता आलेले महिने, पुढची अडचण हे सगळं त्यांच्या पगारातून निघालं असतं. आणि निघालं नसतं तर काकांना मिळालं नसतं. अकरा दिवसांच्या फरकानं दोन घरं वाचली, इतकंच म्हणते. ७१४ रुपये म्हणजे कर धरूनही महिन्याला सत्तर-पंचाहत्तर रुपये होतात.

चालवणाऱ्याचं काय?

इथपर्यंत तिसऱ्याचं झालं. त्या दिवशी रूममेटच्याच डोक्याला लागलं असतं तर?

पॉलिसीत 'ओनर-ड्रायव्हर पर्सनल अ‍ॅक्सिडेंट' नावाचा १५ लाखांचा भाग असतो. मालकाला तो सक्तीचा आहे, आधीच तेवढ्या रकमेचा वैयक्तिक अपघात विमा असेल तरच त्यातून सूट मिळते. पण त्याचं नाव नीट वाचा. ओनर आणि ड्रायव्हर. गाडी ज्याच्या नावावर आहे तोच, स्वतः, वैध लायसन्ससह चालवत असेल तर त्याच्यासाठी हा विमा आहे. बाबांच्या नावावरची गाडी मी रोज चालवते, तरी तो माझ्यासाठी नाही आणि रूममेटसाठीही नाही.

मागून आणलेली गाडी चालवणारा तिसरा पक्ष तरी ठरतो का? यावर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, रामखिलाडी खटला. राजस्थानातला एक तरुण दुसऱ्याची मोटारसायकल चालवत असताना दुसऱ्या मोटारसायकलशी झालेल्या धडकेत गेला. घरच्यांनी त्यानं चालवायला घेतलेल्या गाडीच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली. न्यायालय म्हणालं, मालकाकडून गाडी घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, म्हणून त्या गाडीच्या विम्यापुरता तो तिसरा पक्ष होत नाही. घरच्यांना त्या पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघाताच्या भागाचे एक लाख रुपये तेवढे मिळाले. चूक समोरच्या गाडीची असेल, तर त्या गाडीच्या विम्यासाठी मात्र तुम्ही तिसरे असता आणि दावा तिथे करायचा असतो.

म्हणून आपण दुसऱ्याची गाडी चालवत असू तर आपल्यासाठी काहीतरी आपल्या नावावर हवं. वैयक्तिक अपघात विमा स्वतंत्रपणे घेता येतो. तेही जमत नसेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाखांचं संरक्षण मिळतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघा, कदाचित खातं उघडतानाच सुरू करून दिलेलं असेल.

मागच्या सीटवरची मैत्रीण

हे मला सगळ्यात जास्त टोचलं. आपण कॉलेजला, ट्रेकला, सिनेमाला डबलसीट जातो. मागं बसलेली व्यक्ती तिसरा पक्ष असणार असं मी गृहीत धरलं होतं. पण तिलक सिंग खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कायद्यापुरत्या घेतलेल्या, म्हणजे फक्त थर्ड पार्टीच्या पॉलिसीत दुचाकीवर फुकट मागं बसलेला प्रवासी येत नाही. पुढं २०१२ च्या बालकृष्णन खटल्यात न्यायालयानं फरक स्पष्ट केला: पॅकेज म्हणजे आपल्या भाषेत फुल पॉलिसी असेल, तर गाडीत बसलेल्यांची जबाबदारी विमा कंपनीवर येते.

आता पाच वर्षांच्या हिशेबाकडे परत या. पहिलं वर्ष संपलं आणि ओन डॅमेज पुन्हा घेतलं नाही, की उरतं ते फक्त थर्ड पार्टी. आपल्यातल्या किती जणांच्या गाड्या आज अशा आहेत? मागं बसणाऱ्यांसाठी वैयक्तिक अपघाताचं संरक्षण जादा प्रीमियम भरून घेता येतं. पॉलिसी करताना एजंट किंवा अ‍ॅप ते आपण होऊन पुढं करेलच असं नाही. आपण विचारायचं.

'टीटी'चे फॉर्म सही करून दिलेत?

कॉलेजच्या ग्रुपवर जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री जोरात चालते. पैसे दिले, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, आरसी खिशात घातली, झाली गाडी आपली. आरटीओत जायला वेळ कुणाला असतो?

विकणाऱ्यानं हे जास्त लक्ष देऊन वाचावं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात गेली होती आणि आरटीओच्या नोंदीत नाव पहिल्याचंच राहिलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. अपघातात सापडलेल्या माणसानं गाडी कुणाकुणाच्या हातून फिरली हे शोधत बसायचं का, असा तो विचार आहे. तुम्ही दोन वर्षांपूर्वी विकलेली बाइक आज कोण, कशी चालवतंय हे तुम्हाला ठाऊक नसतं, पण नोटीस तुमच्याच दारात येते.

घेणाऱ्यासाठी: गाडीबरोबर थर्ड पार्टी विमा कायद्यानंच नव्या मालकाकडे जातो, पण १४ दिवसांत कंपनीला कळवून तो आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. ओन डॅमेज आपोआप येत नाही. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असताना गाडी ठोकलीत, तर दुरुस्तीचा क्लेम अडतो. आणखी एक गंमत. 'नो क्लेम बोनस', म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियममध्ये मिळणारी २० ते ५० टक्क्यांपर्यंतची सवलत, गाडीची नसते. ती मालकाची असते. विकणारा ती आपल्या पुढच्या गाडीला वापरू शकतो. त्यामुळे "पन्नास टक्के बोनसवाली गाडी आहे" असं सांगून कुणी किंमत वाढवत असेल तर हसून सोडून द्या.

गाडी वारलेल्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर? घरात दुःख असतं, त्यात आरसी कुणाला आठवणार? पण पॉलिसीच्या अटींनुसार मालकाच्या मृत्यूनंतर विमा तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालू राहतो. त्या काळात वारसांनी गाडी आणि पॉलिसी दोन्ही नावावर करून घ्यायची असते. माझ्या एका वर्गमित्रानं वडिलांची आठवण म्हणून आरसीवरचं नाव चार वर्षं बदललं नव्हतं. त्याला हे सांगताना मला जड गेलं. त्यानं ऐकलं आणि पुढच्या आठवड्यात आईला घेऊन आरटीओत गेला.

डिलिव्हरी आणि गोवा

पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असं एक कलम असतं. खासगी गाडी भाड्यानं देण्यासाठी, शर्यतीसाठी किंवा स्वतःच्या सामानाखेरीज इतर मालाची ने-आण करण्यासाठी वापरली तर विमा लागू नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. संध्याकाळी चार तास डिलिव्हरी करून खोलीभाडं काढणारे कितीतरी मित्र आपल्यात आहेत. पांढऱ्या पाटीच्या घरच्या गाडीवर पार्सल पोचवताना अपघात झाला, तर कंपनी या कलमावर बोट ठेवू शकते. म्हणून काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी विचारा: माझ्या पॉलिसीत हा वापर बसतो का, आणि ज्या अ‍ॅपसाठी काम करतो ते मला अपघात विमा देतं का, दिला तर तो फक्त ऑर्डर चालू असताना की लॉग-इन असेपर्यंत? उत्तर लेखी घ्या.

गोव्याचंही तसंच. तिथं भाड्यानं मिळणाऱ्या अधिकृत दुचाकी आणि कारची पाटी काळी आणि त्यावर अक्षरं पिवळी असतात. त्यांचा विमा भाड्याच्या वापरासाठीच काढलेला असतो. हॉटेलबाहेर कुणी शंभर रुपये कमी सांगून पांढऱ्या पाटीची स्कूटर देत असेल, तर तिच्या विम्यात भाड्यानं देणं बसत नाही. काही झालं की मालक म्हणणार "मित्राला दिली होती", आणि तुम्ही अनोळखी राज्यात पोलीस ठाण्यात बसलेले असणार. काळी पाटी बघा, पॉलिसीचा फोटो घ्या, मगच सेल्फी काढा.

लायसन्स नसेल तर

मालकानं चावी कुणाला दिली, हे इथं फार महत्त्वाचं ठरतं. लायसन्स नसलेल्यानं गाडी ठोकली तर ओन डॅमेजचा क्लेम मिळत नाही. तिसऱ्याला वाऱ्यावर सोडू नये म्हणून न्यायालयं अनेकदा विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि मग ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. २००४ च्या स्वर्ण सिंग खटल्यापासून ही वाट रुळली आहे. म्हणजे शेवटी भार मालकावरच. शिवाय लायसन्स नसलेल्याला गाडी दिली म्हणून मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दारू पिऊन चालवली तरी स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम जातोच.

लर्निंग लायसन्सवर विमा लागू राहतो, पण नियम पाळले तर. पुढं-मागं लाल 'एल' हवा आणि दुचाकीवर शिकवणाऱ्याखेरीज कुणाला मागं बसवायचं नाही. कार शिकताना शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी. मामाचा छोटा टेम्पो चालवणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी. कारचं म्हणजे एलएमव्ही लायसन्स असलेल्याला साडेसात हजार किलोंपर्यंतचं हलकं मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवता येतं, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. तेवढ्या कारणावरून विमा नाकारता येत नाही.

आणि घरात सतरा वर्षांचा भाऊ-बहीण असेल तर नीट ऐका. अठराच्या आत लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आपल्या नेहमीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा हे कलम सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. क्लासला उशीर होतोय म्हणून दिलेल्या चावीलाही ते तितकंच लागू आहे.

मग पुढं काय झालं?

स्कूटर पोलिसांच्या ताब्यातून सोडवायला बाबांनाच यावं लागलं. ड्यूटी बदलून ते कराडहून आले, सह्या केल्या. मला वाटलं रागावतील. परत जाताना स्वारगेटला एवढंच म्हणाले, "एसटीत बसल्यावर तिकीट कुठपर्यंतचं हाय ते बघतीस का न्हाई? मग गाडीचं पण बघत जा." आम्ही त्याच आठवड्यात पॉलिसी नवी केली, या वेळी ओन डॅमेज आणि मागच्या सीटसकट.

काकांच्या मांडीत रॉड घातला आहे. चार महिने ते घरी होते, आता काठी घेऊन चालतात. रात्रपाळी सुटली, दिवसा बसून करायचं काम मिळालं आहे. त्यांचा दावा न्यायाधिकरणात चालू आहे. त्यात पहिलं नाव रूममेटचं, दुसरं बाबांचं, तिसरं विमा कंपनीचं. आम्ही दोघी अधूनमधून त्यांना भेटायला जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा काकूंनी चहा दिला आणि काकांनी एकच प्रश्न विचारला, "पोरी, कंपनी देईल ना?"

"हो काका, पॉलिसी चालू होती," असं त्यांच्या डोळ्यात बघून सांगता आलं. अकरा दिवसांनंतर ते आलं नसतं. हा पेपर खाली ठेवलात की आधी आपल्या गाडीची तारीख बघा.

चावी घेण्या-देण्याआधी

• एमपरिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाका. विम्याची मुदत कधी संपते ते दिसतं. ती तारीख आपल्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, फक्त बाबांच्या नाही.

• पॉलिसीत 'लायबिलिटी ओन्ली' लिहिलंय की 'पॅकेज', ते बघा. पहिलं असेल तर तुमची गाडी आणि मागं बसणारा दोघंही उघड्यावर आहेत.

• समोरच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं वैध लायसन्स आहे का, हे विचारायला लाजू नका. गिअरची बाइक आणि बिनगिअरची स्कूटर यांचं लायसन्स वेगळं असतं.

• गाडी विकलीत तर आरटीओच्या नोंदीतून नाव उतरल्याचं स्वतः तपासा. घेतलीत तर १४ दिवसांत विमा कंपनीला कळवा.

• अपघात झालाच तर पळू नका. आधी जखमीला मदत करा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. मग विमा कंपनीला लगेच कळवा. २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंतचे उपचार कॅशलेस मिळू शकतात. दवाखान्यात त्याबद्दल विचारा.

• विमा कंपनीनं विनाकारण क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. तिथं समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत आणि तक्रारीला फी लागत नाही.